पाण्याविना ताट

“आज कुणाचं ताट गं, मालन?”

सोयराआत्यांनी विचारलं तेव्हा जयसिंगरावांच्या तोंडात पहिलाच घास होता. दवाखान्यातून घरी आल्याचा तो दुसरा दिवस. चाळीस दिवसांनी स्वतःच्या पाटावर बसलेले, समोर मऊ भात, पातळ वरण, आणि पोटावर टाक्यांची ओढ. आत्याबाई भिंत चाचपत आतल्या खोलीत आल्या, मोतीबिंदूनं पिकलेले डोळे बारीक करून वाकल्या आणि ताटाच्या बाजूला जमिनीवर हात फिरवून बघितला. तिथं तांब्या नव्हता, पेला नव्हता, नुसता लाल कोबा होता, कोरडा. “अमावास्या तर लांब आहे की अजून,” त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरातून मालनबाई जवळजवळ किंचाळल्याच, “अगोबाई! आत्याबाई, ह्यांचंच ताट की ते! डॉक्टरांनी जेवताना पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.” “असं होय,” म्हणून आत्याबाई आल्या तशा भिंत धरून परत गेल्या. झालं एवढंच. मालनबाईंनी पुन्हा कालथा हलवायला घेतला, शेजारच्या बिऱ्हाडात कुणीतरी उखळात मिरच्या कुटत होतं ते चालूच राहिलं. जयसिंगरावांचा घास मात्र खाली उतरेना. डॉक्टरांनी तीस वेळा चावायला सांगितलं होतं. त्यांनी तीस वेळा चावला, मग चाळीस वेळा, मग मोजायचं सोडलं, तरी तो तोंडातच होता.

आता हे ‘कुणाचं ताट’ काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. हे घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात उतरलं, असं ते लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे. तीनशे वर्षांत तलवार गेली, जमीन गेली, बोलण्यातली निम्मी मराठी कन्नडात विरघळून गेली, आणि खानदानाचा माणूस कँटोन्मेंटातल्या शिंपीकामाच्या दुकानात कटिंग मास्तर झाला. राहिलं काय, तर भाद्रपदातल्या अमावास्येचं ताट. जित्या माणसाला आधी पाणी मांडायचं आणि मग ताट, हे ह्या घरात लहान पोरालाही ठाऊक. गेलेल्यांचं उलटं. त्यांची ताटं आतल्या खोलीत मांडायची, पाण्याचा थेंब ठेवायचा नाही, दार लोटून घ्यायचं, आणि पुरता एक तास गेला की घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईनं पाणी घेऊन आत जायचं. का, तर जेवताजेवता पाणी मिळालं की गेलेलं माणूस रमतं, ऐसपैस बसतं, उठायचं नाव घेत नाही. कोरडं जेवू घालावं, तहान लागू द्यावी, मग पाणी पाजून वाटेला लावावं. जयसिंगराव सात वर्षांचे असताना एकदा दाराच्या फटीला डोळा लावून ते तासभर बघत बसले होते. आत काहीच झालं नव्हतं. भाताची वाफ गेली, एक माशी आली, बसली, उडाली. त्यांना भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. आजोबांसाठी मांडलेलं ताट म्हणजे आजोबांचं स्वतःचंच, रोजचं, काठाला पोचा आलेलं पितळी ताट होतं. रोजच्यापेक्षा त्यात फरक काहीच नव्हता, फक्त शेजारी पाणी नव्हतं.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर हयवदन ह्यांनी एका कागदाच्या पाठीवर पोटाचं चित्र काढून दाखवलं होतं. एवढं कापून काढलं, एवढंच ठेवलं. ठेवलेलं लहान मुलाच्या मुठीएवढं होतं. “ऊटा बेरे, नीरु बेरे,” डॉक्टर म्हणाले. जेवण वेगळं, पाणी वेगळं. जेवणाआधी अर्धा तास पाणी बंद, जेवताना अजिबात नाही, आणि जेवण संपल्यावर तास झाला की मग स्वल्प स्वल्प, घोटाघोटानं. मध्येच प्यालात तर अन्न पाण्याबरोबर धो धो खाली उतरेल, छाती धडधडेल, घाम फुटेल, डोळ्यांपुढं अंधारी येईल. “दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं, मेल्यासारखं वाटेल पण मरणार नाही. तुम्हाला तसं म्हणत नाही. तुमचं हृदय कच्चं आहे. टेबलावर दोन मिनिटं तुमची नाडी लागत नव्हती आम्हाला.” आणि डॉक्टर चक्क हसले, बुडता बुडता वाचलेल्या पोरापुढं आईबाप हसतात तसे. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. जयसिंगरावांना मात्र त्या वेळी आठवलं की नाकावर ईथरची जाळी ठेवल्यावर, आकडे मोजता मोजता, फार लांबून त्यांनी एक शब्द ऐकला होता. “होय्तु.” गेलं. काय गेलं, हे विचारायला त्यांच्याकडं तोंडच नव्हतं. दिवा गेला असेल, बाटली संपली असेल. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

तसा हा माणूस पाण्याचा भोक्ता. लोक जेवताना पाणी पितात, हे पाणी पिताना जेवायचे म्हणा ना! नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, वर मटणाचा झणझणीत रस्सा, आणि दर दोन घासांआड तांब्या उचलून नरड्यात ओतायचा. तो घटाघटा आवाज सगळा वठारा, सगळी चाळ ओळखायची. गवीपुरमच्या त्या एका रांगेत आठ बिऱ्हाडं, आणि आठही बिऱ्हाडांतल्या बायका म्हणायच्या, मालनक्का, तुमचे यजमान जेवायला बसले वाटतं. मालनबाई लाजायच्या, पण त्यांना ते आवडायचं. नवरा जेवतोय हे गल्लीला कळतंय, ह्यापरतं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. मूलबाळ नव्हतं, घरात आवाज करणारं असं तेवढंच. छाती सेहेचाळीस इंच, पोट त्याच्याही पुढं. मग पोटात आग पडायला लागली, रात्रंदिवस सोडा खाऊन बघितला, ताक पिऊन बघितलं, आणि एक दिवस दुकानात, एका कर्नलच्या अर्धवट शिवलेल्या कोटावर त्यांना रक्ताची उलटी झाली. त्या आधीच्या साली चीनशी लढाई होऊन गेलेली, नवे नवे अधिकारी भरती होत होते, दुकानात वर्दीचं काम उरकत नव्हतं. त्या गडबडीत त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

आत्याबाईंच्या त्या प्रश्नानंतर जयसिंगराव बघायला लागले. एकदा बघायला लागलं की दिसतंच. मालनबाई ताट वाढून आणत, ठेवत, आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेत, कारण डॉक्टरांनी जेवण झाल्याबरोबर आडवं पडायला सांगितलं होतं आणि वठाऱ्याच्या गोंगाटात झोप लागायची नाही. दार लोटलं की खोलीत अर्धवट उजेड. बाहेर बोलणं बारीक होई. आत्याबाईसुद्धा खाकरायच्या त्या पदर लावून. मग तास. मालनबाईंनी शेजाऱ्यांकडून गजराचं घड्याळ आणून ठेवलं होतं, ते स्वयंपाकघरात टिकटिकत राही आणि त्याची टिकटिक दारातून आत येई. तास झाला की दार चार बोटं उघडायचं, एक हात आत यायचा, उंबऱ्याजवळ पेला ठेवायचा, आणि मालनबाईंचा हळू आवाज, “पाणी आणलंय.” त्या आत येत नसत, झोपमोड होईल म्हणून. नाव तर बायको नवऱ्याचं घेतच नाही. जयसिंगराव खाटेवर पडल्या पडल्या त्या पेल्याकडं बघत राहत. आत्याबाई अमावास्येला अशाच यायच्या. अगदी अशाच. हे मालनला कळत कसं नाही, असं त्यांना वाटे, आणि तिला सांगावं असं वाटून ते तोंड उघडत, पण सांगितलं की ते खरं होईल ह्या भीतीनं पुन्हा मिटून घेत.

दोन महिन्यांनी ते कामावर जाऊ लागले. बीटीएसच्या बसमध्ये पूर्वी ते दोन माणसांची जागा अडवायचे, शेजारचा कुरकुरायचा. आता बाकाच्या टोकाला बसलं तरी कुणाचा धक्का लागेना. लोक त्यांच्या अंगावरून हात लांबवून तिकीट घेत. दुकानात काचेसमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या छातीला टेप लावला. चौतीस. सेहेचाळीसमधून चौतीस गेले, उरले बारा. बारा इंच माणूस गेला तो कुठं गेला, असा हिशेब त्यांच्या डोक्यात उगाचच फिरायला लागला. तीन आरशांच्या मधोमध एक ढिला शर्ट उभा होता आणि शर्टाच्या वर त्यांच्या वडिलांचं, शेवटच्या आजारातलं, तोंड होतं. “अण्णा!” मशीनवरचा ज्योतिबा दचकून म्हणाला. वीस वर्षं दोघं एकाच छताखाली. “तुम्ही कधी आलात? आत येताना दिसलाच नाहीत की हो.” ज्योतिबाच्या मशीनचं तोंड दाराकडंच होतं. “आत्ताच,” जयसिंगराव म्हणाले, आणि आपला आवाज बाहेर पडला की नाही हे बघायला पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणाले, “आत्ताच आलो रे!”

उडुप्याच्या हॉटेलात तर कळस झाला. तिथली रीत अशी, की गिऱ्हाईक टेकलं न टेकलं तोवर वेटर बोटांच्या चिमटीत पेले धरून येतो आणि माणशी एक असा टेबलावर आपटतो. त्यानं दोन आपटले. ज्योतिबा बिचारा मायेनं म्हणाला, “ह्यांना बेडा, नको. खाताना पाणी नाही चालत ह्यांना.” वेटरनं तो पेला उचलला. पाण्याचा गोल डाग टेबलावर राहिला होता, तो त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं पुसला. ज्योतिबानं दोन प्लेट इडली सांगितली आणि थोड्या वेळानं एक प्लेट आली. “अरे, दोन सांगितल्या होत्या!” ज्योतिबा भडकला. हा वेटर दुसराच होता. त्यानं टेबलाकडं बघितलं, एक बोट दाखवलं आणि निर्विकारपणे म्हणाला, “एकच पेला आहे की.” ते लोक पेले मोजून माणसं मोजतात. ज्योतिबा हसत सुटला, त्याला तो मोठाच विनोद वाटला. संध्याकाळपर्यंत त्यानं दुकानात चौघांना तो सांगितला.  दुसरी प्लेट आली ती जयसिंगरावांनी मात्र तशीच ठेवली आणि रस्त्यावर येऊन खांबाला धरून उभे राहिले. ऊन होतं. त्यांनी खाली बघितलं, सावली होती. सावली आहे हे बघून बरं वाटलं, आणि मग आपण सावली शोधली ह्याचीच लाज वाटली.

शेवटी त्यांनी आत्याबाईंनाच गाठलं. त्या ओट्यावर उन्हाला बसून गव्हातले खडे बोटांनी चाचपून काढत होत्या. “आत्याबाई,” ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, “माणूस गेला हे त्याचं त्याला कळतं का हो?” आत्याबाईंचे हात थांबले नाहीत. “कुठलं कळतंय बाबा! कळलं असतं तर एवढी उस्तवार कशाला? त्याला वाटतं आपण घरातच हाय. आपल्या पाटावर बसतं, लोक वाढतात ते खातं. फक्त पाणी का देईनात, एवढंच त्याला उमजत नाही. बसतं आपलं वाट बघत.” मग त्यांनी मान वर केली. पांढुरक्या डोळ्यांनी त्या त्यांच्या थोड्या डावीकडं बघत होत्या, जिथं जयसिंगराव नव्हते तिथं. “का रे जया, तुला काय झालं विचारायला? येडा का खुळा! तू आपला डॉक्टरचं ऐक, कोरडं खा, गप पडून राहा.” त्यांनी हात पुढं केला, त्यांचा गुडघा शोधला आणि थोपटला. तो हात ऊबदार होता. पण अमावास्येला दार लोटण्यापूर्वी त्या पाटसुद्धा असाच थोपटतात, हे जयसिंगरावांनी चाळीस वर्षं बघितलेलं होतं.

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही नको झालं. बढती नको, तब्येत नको, कुणी मंतरून आणलेला अंगारा नको. कुणीतरी ताटाशेजारी पाणी मांडावं, एवढंच हवं होतं. “नुसता तांब्या ठेव,” ते मालनबाईंना म्हणाले. “पिणार नाही. शपथ घेतो.” मालनबाई भाकरी थापत होत्या. “नाही.” “अगं, नुसता ठेवायला काय जातंय? डॉक्टरांनी पिऊ नका म्हटलंय, बघू नका नाही म्हटलं.” “समोर असलं की हात जाणारच तुमचा. मला ठाऊक आहे तुमचा हात.” “तुझी शपथ!” तेव्हा त्या वळल्या. हाताला पीठ, डोळे लाल, ओठ सोलून भेगा पडलेल्या. दवाखान्याच्या दगदगीनं बायकोही उतरलीय, असं जयसिंगरावांच्या मनात आलं आणि गेलं. “तुमची शपथ घेऊन काय चाटायचीय मला?” त्या म्हणाल्या. “त्या दवाखान्यात लिंबाखाली मी दोन दिवस बसले. मागच्या दारानं एकेक बाहेर काढत होते पांढऱ्या चादरीतनं. प्रत्येक चादर आली की मी पाय बघायची. उंची बघायची. मग बसायची. पुन्हा नाही बसायचं मला तिथं. तुम्ही रागवा, जेवू नका, घर सोडून जा. पाणी नाही देणार.”   हिला मी जिवंत राहायला पाहिजे आहे, आणि मला फक्त जिवंत आहे हे कळायला पाहिजे आहे; ह्या दोन गोष्टी एकच कशा नाहीत, ह्याचा त्यांना उलगडा होईना आणि त्यांचा फार संताप झाला.

असं करता करता भाद्रपदातली अमावास्या आली. तीन दिवस आभाळ दाटलेलं, भुरभुर चालू, वठाऱ्यात कुणाचे कपडे वाळेनात. आतली खोली सकाळीच मोकळी करायला घेतली. जयसिंगरावांची खाट बाहेरच्या खोलीत आणली, आणि बिछान्याची गुंडाळी करताना मालनबाईंची पाठ वळली तेवढ्यात त्यांनी पाण्यानं भरलेला एक तांब्या गुंडाळीमागं दडवला. ठरवलं होतं त्यांनी. आज काय तो निकाल. सगळ्यांच्या ताटांबरोबर आपलंही ताट मांडलं जाईल तेव्हा चार घास खायचे आणि मध्येच, राजरोस, पूर्वीसारखं घटाघटा प्यायचं. घाम फुटला, छाती फुटली, तर फुटू दे. मेलो तर निदान त्या घटकेपर्यंत जिवंत होतो हे तरी सिद्ध होईल. आणि काहीच झालं नाही तर? छाती धडधडलीच नाही, घामाचा थेंब आला नाही, पाणी नुसतं आत गेलं आणि काही म्हणजे काही झालं नाही तर?  मरणाचं भय त्यांना टेबलावर चढतानाही वाटलं नव्हतं एवढं ह्याचं वाटलं.

बाराला ताटं मांडली. आत पाच. पणजोबा, आजोबा, आजी, वडील, आई. मालनबाई वडे, भात, भोपळ्याची भाजी वाढत होत्या आणि आत्याबाई मागं मागं वाकून प्रत्येक पाट थोपटत होत्या. “जयाला नंतर वाढ,” आत्याबाई म्हणाल्या. “आधी ह्यांचं होऊ दे.” “डॉक्टरांनी वेळ बांधून दिलीय, आत्याबाई. बाराला म्हणजे बाराला.” आणि त्याच पातेल्यातून, त्याच पळीनं, मालनबाईंनी बाहेरच्या खोलीत सहावं ताट वाढलं. आत्याबाईंनी तेही वाकून चाचपलं. ताट, वाटी, पाट, कोरडी जमीन. “सहा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मालनबाई झटकन म्हणाल्या, “पाच, आत्याबाई. पाच आत. हे निराळं.” “सरी, सरी, बरं,” म्हणत आत्याबाईंनी आतलं दार लोटलं आणि पाण्याची घागर घेऊन त्या ओट्यावर जाऊन बसल्या, गिरणीचा एकचा भोंगा होईपर्यंत. मालनबाई स्वयंपाकघरात गेल्या. बाहेरच्या खोलीत जयसिंगराव, समोर बंद दार, आणि मध्ये ते ताट.

कितीतरी वेळ त्यांनी हातच लावला नाही. पलीकडं पाचजण बसलेत आणि इकडं आपण, मध्ये दोन इंच फळी. वाफ गेली. मग त्यांनी पहिला घास घेतला आणि मोजायला लागले. तीस. गिळला. दुसरा. तीस. गिळला. घसा कोरडा ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली. सगळं अंग त्या गुंडाळीमागच्या तांब्याकडं ओढत होतं. तिसरा घास. एक, दोन, तीन... अकराला ते थांबले. त्यांनी चावायचं थांबवलं होतं, आणि चावण्याचा आवाज थांबला नव्हता. त्यांनी श्वास रोखला. कोरडं, सावकाश, एका लयीतलं चावणं. त्यांच्याच चालीनं. कुणीतरी तीसपर्यंत मोजत होतं. मग गिळल्याचा जड आवाज, क्षणभर काही नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून.  जयसिंगरावांनी बंद दाराला कान लावला. दारापलीकडं काही नव्हतं. भिंतीला लावला. आवाज भिंतीतून येत नव्हता. तो उजव्या हाताकडून येत होता, स्वयंपाकघराकडून. त्यांनी तांब्या काढला, दोन्ही हातांत धरला, आणि पावलांचा आवाज न करता तिकडं गेले.

मालनबाई चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. समोर ताट होतं. भात, वडा, भाजी. त्या खाली बघून चावत होत्या आणि डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा सरकत होता. ताटाच्या ह्या बाजूला काही नव्हतं, त्या बाजूला काही नव्हतं. घागरी पालथ्या घातलेल्या, तपेल्यावर झाकण. पाण्याविना. एक क्षण जयसिंगरावांना काही दिसेनासं झालं. हीसुद्धा? केव्हा? म्हणजे आपण हिला घेऊन आलो? आपल्या मागं मागं ही पण इकडं आली, आणि आपण स्वतःच्याच तहानेत एवढे बुडालेले की हिच्या ओठांकडं बघूनही आपल्याला काही कळलं नाही?

“कधीपासून?” ते म्हणाले.

त्या इतक्या दचकल्या की घास तसाच घशात गेला. मान वळवून त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. ठसकाही येईना. हात छातीवर आला. डोळे मोठे झाले. जयसिंगराव धावत पुढं गेले आणि तांब्या त्यांच्या तोंडाशी नेला, तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान नाही, नाही अशी हलत होती. बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याच्या ताटाकडं बोट, स्वतःकडं बोट, दोन बोटं. चेहरा काळानिळा व्हायला लागला. “मालन!” जयसिंगराव ओरडले. अठ्ठावीस वर्षांत अगं आणि ऐकलंस का ह्यापलीकडं त्यांनी तिला हाक मारली नव्हती. “मालन, पी! माझ्या गळ्याची आण आहे तुला, पी!” आणि तिच्या पाठीत बुक्की घालून, हनुवटी धरून त्यांनी तांब्या तिच्या तोंडात ओतला. अर्धं पाणी पदरावर सांडलं. उरलेलं आत गेलं. घट्. घट्. मग एक लांबलचक, घरघरत आलेला श्वास, खोकला, उचकी, आणि मालनबाई भिंतीला टेकून रडायला लागल्या.

“काय केलंत हे?” त्या म्हणाल्या. “घालवलंत ना सगळं.”

“कधीपासून चाललंय?”

“तुम्ही घरी आलात त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. आत्याबाईंनी विचारलं ना, कुणाचं ताट म्हणून. मी रात्रभर रडले. सकाळी त्यांनाच विचारलं, आता काय करू. त्या म्हणाल्या, घरात एकच ताट पाण्याविना असेल तर ते गेलेल्याचं असतं. दोन असतील तर ती घरची रीत झाली, मग कुणी काही म्हणत नाही. म्हणून मी पण. तुम्ही जेवताना, तुमच्याच वेळेला, तुमच्यासारखं तीस मोजून.” त्यांनी नाक पुसलं. “आता माझ्या ताटाला पाणी लागलं. आता तुमचं एकट्याचंच राहिलं.”

जयसिंगरावांनी त्यांच्याकडं बघितलं. गळ्याची शीर थडथड उडत होती, ओल्या ओठांवर भेगा चमकत होत्या, नाकपुड्या फुलत होत्या. इतकी जिवंत बाई त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. ते बाहेर गेले, आपलं ताट उचलून आणलं, आणि तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घातली. तपेल्यावरचं झाकण काढून तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला. तहान अजून होतीच, घसा अजून जळत होता, तांब्या हातभर अंतरावर होता. “राहू दे माझं एकट्याचं,” ते म्हणाले. “तू पाणी घेऊन जेवायचं. आजपासून. रोज. माझ्यासमोर बसून, मला ऐकू येईल असं प्यायचं.” आपण जिवंत आहोत की नाही, हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. मालन आहे, एवढं ठाऊक होतं, आणि तिनं इकडं यायचं नाही, एवढं त्यांना हवं होतं. मालनबाई हुंदके देत एक घास घेत होत्या आणि त्यावर एक घोट. जयसिंगराव प्रत्येक घोट ऐकत होते.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला, “मालन, तास झाला गं! सगळ्यांना पाणी आणू का?”

मालनबाईंचा हात ताटावर थबकला. जयसिंगरावांनी तोंडातला घास गालात सारला.

“त्यांचा झाला असेल, आत्याबाई,” ते मोठ्यानं म्हणाले. “त्यांना न्या. मी अजून जेवतोय. माझा तास व्हायचाय.”

आणि त्यांनी पुढचा घास मोजायला घेतला.